फोन ज्याचा, त्याच्या हातात

(माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझी ओळख करून देताना आत्ता 'संगणक क्षेत्रातल्या तज्ज्ञ' असं सांगितलं गेलं, आणि मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "मग माझा मोबाइल हँग होतोय, तेवढा बघ!" आवाज कुणाचा, हे मी सांगायला नको. नववीतही तो तिथूनच यायचा.

मला दिलेला विषय होता 'माहिती तंत्रज्ञानातील संधी'. त्याची टिपणं मी आणली आहेत. पण सकाळी चहा-पोह्यांपासून आत्तापर्यंत आठ-दहा जणांनी मला बाजूला घेऊन आपला फोन दाखवला. कुणाची जागा भरली म्हणून फोटो निघत नाहीत. कुणाला बँकेच्या ॲपनं बाहेर काढलंय आणि ते पुन्हा आत घेत नाही. कुणाच्या टीव्हीवर रात्री अपडेट आलं आणि सकाळी रिमोटचं नेहमीचं बटण दाबलं की भलतंच काहीतरी उघडतं. एकीला पत्ता भरताना यादीत जिल्ह्याचं नाव सापडेना. एका ठिकाणी अहमदनगर, दुसऱ्या ठिकाणी अहिल्यानगर, आणि तिसऱ्या ठिकाणी आधारवर असेल तेच हवं. आणि फोन पुढे करताना बहुतेकांनी एकच वाक्य म्हटलं, "मला यातलं काही कळत नाही बघ." ज्या सरांनी आम्हाला पायथागोरसचं प्रमेय फळ्यावर तीन रीतींनी सिद्ध करून दाखवलं होतं, त्यांनीही तेच म्हटलं.

म्हणून टिपणं पिशवीतच राहू देते आणि या एका वाक्यावर बोलते. कारण या वाक्यात दोन गोष्टी एकदम घडतात. दोष यंत्राचा असला तरी तो आपण आपल्या माथी घेतो, आणि ते म्हणता म्हणता फोन दुसऱ्याच्या हातात देतो. मला काळजी वाटते ती या दुसऱ्या गोष्टीची.

आधी अपडेटचं बघू, कारण सगळ्यात जास्त शिव्या त्यालाच बसतात.

सॉफ्टवेअर म्हणजे माणसांनी लिहिलेला मजकूर. एकेका ॲपमध्ये लाखो ओळी असतात आणि त्यांत फटी राहतातच. फट चोराला सापडली की तो तिथून आत शिरतो. बनवणाऱ्याला सापडली की तो ती बुजवतो आणि बुजवलेला भाग तुमच्या फोनवर पाठवतो. याला अपडेट म्हणतात. विंडोजमधली अशी एक मोठी फट बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्च २०१७ मध्ये दिलं होतं. पुष्कळांनी ते घेतलंच नाही. दोन महिन्यांनी, १२ मे २०१७ रोजी, त्याच फटीतून 'वॉनाक्राय' नावाचा हल्ला जगभर पसरला. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांवर ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याची वेळ आली. त्याच फटीचा उपयोग करणारा आणखी एक हल्ला जूनअखेर झाला, तेव्हा आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम बंद पडलं. तेव्हा अपडेट घ्यायलाच हवं. ते टाळा असं मी कधीच सांगणार नाही.

पण लोक ते का टाळतात? कारण फट बुजवण्याच्या पुडीत आणखी काय काय बांधून येतं. रंग बदलतात, बटणं हलतात, काल डावीकडे असलेलं आज उजवीकडे जातं. समजा, पावसाळ्याच्या तोंडावर छपराची गळती काढायला गवंडी बोलावला. त्यानं गळती काढली, आणि जाता जाता चूल मागच्या पडवीतून उचलून पुढच्या ओसरीवर मांडली. 'आता असंच नवीन पद्धतीचं असतं' म्हणाला आणि निघून गेला. पुढच्या वर्षी त्याला कोण बोलावेल? ही दोन्ही कामं वेगळी ठेवता येतात. सुरक्षेचं अपडेट वेगळं आणि दिसण्यातला बदल वेगळा, दुसरा तुमच्या मर्जीनं. तांत्रिकदृष्ट्या त्यात अशक्य असं काही नाही. पण दोन्ही वेगळं सांभाळायला खर्च येतो, वेळ जातो, आणि नवीन सोय किती जणांपर्यंत पोचली हे वरच्यांना दाखवायचं असतं. म्हणून एकच पुडी बांधली जाते.

आणि अपडेट देणारे चुकतच नाहीत असंही नाही. १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा क्षेत्रातल्या नावाजलेल्या कंपनीनं एक सदोष अपडेट पाठवलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या दिवशी कुणी म्हटलं का, की प्रवाशांना संगणकातलं काही कळत नाही? नाही. सगळ्यांनी सरळ म्हटलं, कंपनीचं चुकलं. मग तिसगावातल्या एखाद्या काकांचं ॲप बंद पडलं की तेवढंच ते 'अडाणी' कसे ठरतात?

आता थोडं आपल्या गावाकडचं बोलते.

ई-पीक पाहणी आपल्या राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. कल्पना मला आवडते. तलाठ्याची वाट न बघता शेतकऱ्यानं आपल्याच शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि सातबाऱ्यावर नोंद करायची. यात कागदाचा नव्हे, माणसाचा मान आहे. पण करावं काय लागतं ते पाहा. ॲपची नवी आवृत्ती आली की ती घ्या, खाते क्रमांक आणि गट क्रमांक निवडा, फोनला स्वतःचं ठिकाण कळू द्या, कॅमेऱ्याला परवानगी द्या. आपल्याकडे डोंगराच्या कडेच्या शिवारात रेंज किती असते हे तुम्हाला ठाऊक आहे. साठीच्या पुढच्या शेतकऱ्याला हे एकट्यानं जमेलच असं नाही. मग तो बांधावर शेजारच्या पोराला बोलावतो आणि फोन त्याच्या हातात देतो.

दुसरं उदाहरण मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीचं. योजनेच्या गुणदोषांत मी शिरत नाही. इथं सगळ्या पक्षांचे लोक बसले आहेत आणि जेवण अजून व्हायचंय. सप्टेंबर २०२५ मध्ये ही ई-केवायसी सक्तीची झाली. बाईनं स्वतःचा आधार क्रमांक टाकायचा, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येणार. नंतर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक टाकायचा, त्यांच्या मोबाइलवर दुसरा ओटीपी. कागदावर हे सोपं दिसतं. पण आपल्या पाथर्डी तालुक्यात दसरा-दिवाळीनंतर काय होतं? ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा कोल्हापूरकडे फडात, बायको म्हाताऱ्या सासूपाशी गावात, आणि ओटीपी जातो फडातल्या फोनवर. त्याची मुदत काही मिनिटांची. मग ती फोन करून म्हणणार, "अहो, आलेला नंबर सांगा लवकर." आणि बँका, पोलीस, शाळा, मी, आम्ही सगळे गेली कित्येक वर्षं घसा कोरडा करून काय सांगतोय? ओटीपी फोनवर कुणालाही सांगू नका! एकीकडे नियम आणि दुसरीकडे तो मोडल्याशिवाय पुढे न जाणारी स्क्रीन. आणि जिचा नवराही हयात नाही, वडीलही नाहीत, तिनं कुणाचा क्रमांक टाकायचा? अशा बहिणींसाठी नंतर वेगळी सोय करावी लागली आणि मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवावी लागली. सुधारणा झाली हे चांगलंच झालं. पण तो प्रश्न स्क्रीन तयार होण्याआधी गावातल्या कुणाही अंगणवाडीताईला विचारला असता, तर तिनं पाच मिनिटांत सांगितला असता.

मी पुण्यात वीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिते. त्या अनुभवावरून सांगते, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक माणूस असतो. त्याच्याकडे नवा फोन असतो, भरपूर रेंज असते, इंग्रजी येतं, चष्मा लागत नाही, आणि नवरा शेजारच्या खुर्चीवर बसलेला असतो. तुम्ही त्या चित्रात बसत नसाल, तर चित्र अपुरं आहे, तुम्ही नाही.

आता दुसरी गोष्ट, फोन हातात देण्याची.

आपण शाळेत होतो तेव्हा गावात फोन मोजकेच होते. कारखान्यावरून पत्र यायचं, मनिऑर्डर यायची. ज्या म्हाताऱ्यांना वाचता येत नव्हतं त्या आपल्यासारख्या पोरा-पोरींना हाक मारायच्या. "ये गं, एवढं वाचून दाखव." तुमच्यापैकी कितीतरी जणांनी अशी पत्रं वाचली असतील, उत्तरंही लिहिली असतील. 'पत्रास कारण की' आपल्याला पुस्तकाआधी तिथंच पाठ झालं. माझ्या आजीची यात सक्त ताकीद होती. पत्र वाचून झालं की ते विसरायचं. घरी येऊन सांगायचं नाही, तिलासुद्धा नाही. कुणाची उचल किती, कुणाचं दुखणं काय, कुणाची लेक माहेरी का आली, हे त्या घराचं. वाचणारा फक्त डोळे उसने देतो.

आणि लिहिणाऱ्यांनाही सगळं कळत होतं. पोस्टकार्डावर फक्त खुशाली, कारण ते पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कुणीही वाचणार. पैशाचं, दुखण्याचं, सासर-माहेरचं आंतरदेशीय पत्रावर, कडा चिकटवून. खासगीपणा ही काही शहरातून किंवा परदेशातून आलेली कल्पना नाही. गावातल्या निरक्षर बाईलाही पोस्टकार्ड आणि आंतरदेशीय यांतला फरक कळत होता.

म्हणून आज कुणी म्हणतं, "माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय?" तेव्हा मला आश्चर्य वाटतं. आपल्या घराला दार असतं ते आत चोरीचा माल आहे म्हणून नसतं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा घटनेनं दिलेला मूलभूत हक्क आहे. आजीला तो निकाल वाचावा लागला नसता.

पत्र वाचून घेणं आणि फोन देणं यांत मात्र मोठा फरक पडला आहे. पत्र देताना म्हातारी एकच पत्र द्यायची, ट्रंकेतली सगळी नाही. आणि वाचणाऱ्या पोराला ते वाचून तिच्या बँकेतले पैसे काढता येत नव्हते. फोन दिला की ट्रंक, तिची किल्ली, पासबुक आणि अंगठा असं सगळं एकदम दिलं जातं.

यंदा दिवाळीत मी सहज मोजलं. माझ्या आईच्या फोनचा पिन किती जणांना माहीत आहे? भाऊ, वहिनी, दोन नातवंडं, शेजारचा मुलगा, रिचार्जवाला आणि झेरॉक्सवाला. एकूण सात. यातला एकही माणूस वाईट नाही. उलट सगळे मदतीला धावणारे आहेत. मी आईला विचारलं, "इतक्यांना का सांगितलास?" ती म्हणाली, "सांगितला नाही गं. दर वेळी काहीतरी अडायचं, आणि दर वेळी जो जवळ असेल त्याला द्यावा लागायचा." मी एकेकाची आठवण काढायला लावली. एकदा बँकेच्या ॲपनं पासवर्ड बदलायला सांगितला, जुन्यापेक्षा वेगळा, एक मोठं इंग्रजी अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह. एकदा गॅसचं बुकिंग होईना. एकदा अपडेटनंतर अक्षरं बारीक झाली. सात अडचणी, सात माणसं.

तेव्हा मला जे सांगायचंय ते हे. किचकट ॲप हेच असुरक्षित ॲप असतं, मग त्याला कितीही कुलपं असोत. जे यंत्र माणसाला एकट्यानं चालवता येत नाही, ते त्याला आपलं गुपित दुसऱ्याला सांगायला भाग पाडतं. 'पासवर्ड कुणालाही सांगू नका' हा संदेश पाठवून जबाबदारी संपत नाही. पासवर्ड न सांगता काम होईल अशी सोय करावी लागते.

आणि ती करता येते. यूपीआयचंच घ्या. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, फक्त देण्यासाठी लागतो. पण ठग 'पैसे मागण्याची' विनंती पाठवायचे आणि 'पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील' असं सांगायचे. वर्षानुवर्षं लोकांना सावध करत राहिले, लोक फसत राहिले. शेवटी १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीकडे अशी विनंती पाठवण्याची सोयच बंद करण्यात आली. शहाणपण लोकांना शिकवण्यापेक्षा खड्डा बुजवला. रिझर्व्ह बँकेनं बँकांना आपली संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन' या राखीव पत्त्यावर न्यायला लावली, तेही याच जातीचं काम. तो शेवट फक्त खऱ्या बँकांनाच मिळतो, त्यामुळे खोटी बँक ओळखणं थोडं सोपं झालं.

आता 'मी सहमत आहे' या बटणाविषयी. ते आपण न वाचता दाबतो, आणि त्याबद्दलही स्वतःलाच दोष देतो. पण वाचून उपयोग काय असतो? जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपनं नव्या अटींची सूचना पाठवली. आधी ८ फेब्रुवारीची मुदत दिली, ओरड झाल्यावर ती १५ मेपर्यंत वाढवली. गावचा गट, शाळेचा गट, दूध संकलनाचा गट, सगळं तिथेच. सहमत नाही म्हणून जायचं कुठं? याच अटींवरून भारतीय स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेलं. आयोगाचा मुद्दा तुम्हा-आम्हाला कळणारा आहे. दुसरा रस्ताच नसेल तर होकार हा होकार राहत नाही.

आपल्याकडे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. कायद्यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळण्याची सोय हवी. दिलेली संमती काढून घेणं हे ती देण्याइतकंच सोपं हवं. आणि ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं की, दुसरा एखादा कायदा ती ठेवायला सांगत नसेल तर, माहिती पुसून टाकली पाहिजे. तिसरी गोष्ट वाचली तेव्हा मला आजीच आठवली. पत्र वाचून झालं की विसरायचं.

कायदा लागू होईल तेव्हा होईल. तोवर काय करायचं? चार गोष्टी सांगते, चारही आजच्या आज करता येण्यासारख्या आहेत.

पहिली. लग्नपत्रिका कधी 'इन्स्टॉल' होत नाही. पत्रिका, पीएम किसानची यादी, वाहनाचं चलन अशा नावानं व्हॉट्सॲपवर येणाऱ्या आणि शेवटी 'एपीके' अशी इंग्रजी अक्षरं असलेल्या फाइली म्हणजे पत्रिका नाहीत, ॲप आहेत. ते एकदा आत गेलं की तुमचे संदेश वाचतं, म्हणजे ओटीपीही वाचतं. फोटो उघडायला फोन कधीच परवानगी मागत नाही. मागितली की थांबा, मग पाठवणारा सख्खा मामा का असेना. त्याचाही फोन कुणीतरी ताब्यात घेतलेला असू शकतो.

दुसरी. आधारची झेरॉक्स. देशातलं पहिलं आधार आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिलं गेलं. तेव्हापासून आपण ते इतक्या ठिकाणी दिलंय की मोजदाद नाही. झेरॉक्सच्या दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर आपण कार्डाचा फोटो पाठवतो आणि तो तिथेच पडून राहतो. दुकानदार भला असतो, पण त्याचा फोन उद्या दुरुस्तीला जातो, विकला जातो. समोरच उभे असाल तर प्रिंट निघाल्यावर तो फोटो आपल्या देखत पुसायला सांगा. आणि जिथं पूर्ण क्रमांकाची गरज नाही तिथं शेवटचे चारच अंक दिसणारं 'मास्क्ड आधार' द्या. ते आधारच्या संकेतस्थळावरून फुकट मिळतं.

तिसरी. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कुठल्या ॲपला कुठली परवानगी दिली आहे ते वर्षातून दोनदा बघा. बॅटरी लावण्याच्या ॲपला तुमचे संपर्क आणि माइक कशाला हवा? काढून टाका. काही बिघडत नाही, लागली तर ते पुन्हा मागेल.

चौथी. फसवणूक झालीच तर लाजू नका आणि लपवू नका. १९३० हा क्रमांक लगेच लावा. पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त असते. 'लोक काय म्हणतील' या विचारात गेलेली रात्र चोराच्या फायद्याची ठरते. फसलेला माणूस मूर्ख नसतो. त्याला फसवणं हा समोरच्याचा रोजचा धंदा असतो, आणि याला ते आयुष्यात पहिल्यांदाच भेटत असतं.

आता इथं बसलेल्यांसाठी एक मागणं.

आपल्या वर्गातले पाच-सहा जण माझ्यासारखे संगणकाच्या धंद्यात आहेत. तुम्हाला सांगते, आपण बनवतो ते एकदा तरी तिसगावच्या बाजारतळावर नेऊन कुणाच्या तरी हातात द्या आणि स्वतः हात मागे बांधून गप्प उभे राहा. ज्या ठिकाणी तो माणूस थांबेल ती जागा लिहून घ्या. त्याला शिकवू नका, स्क्रीन बदला.

जे घरोघरी मदत करतात, मुलगे, सुना, नातवंडं, शेजारी, त्यांना सांगते, फोन हिसकावून 'द्या इकडे, मी करतो' म्हणू नका. तुमची दोन मिनिटं वाचतात आणि त्यांचा हात कायमचा मागे पडतो. फोन त्यांच्याच हातात राहू द्या. बोट त्यांचं, शब्द तुमचे. पिन टाकताना तोंड फिरवा. आणि जे दिसलं ते विसरा.

माझ्या सर्व सरांना आणि बाईंना हात जोडून विनंती आहे. 'मला यातलं काही कळत नाही' हे वाक्य तेवढं सोडा. तुम्ही आम्हाला शिकवलंत की गणित अडलं तर आधी प्रश्न नीट मांडला आहे का ते बघा. इथं पुष्कळ वेळा प्रश्नच चुकीचा मांडलेला असतो. तसं ठणकावून सांगा. बँकेत जाऊन सांगा, तक्रार लिहा, मराठीत लिहा. तुमच्या सहीच्या एका अर्जाला गावात अजून वजन आहे.

शेवटी एक ठोस प्रस्ताव ठेवते. मुख्याध्यापकांशी आणि आपल्या समितीशी सकाळीच बोलणं झालं आहे. पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत सलग दोन दिवस शाळेची एक खोली आपण मागून घेऊ. गावातल्या कुणीही आपला फोन घेऊन यावं. आपल्यापैकी आठ जण बसतील. पाच नावं आली आहेत, तिघांची हवी आहेत. नियम दोनच असतील आणि ते फळ्यावर लिहिलेले असतील. फोन ज्याचा, त्याच्या हातात राहील. आणि खोलीत जे दिसेल ते खोलीतच राहील. प्रत्येकाची कुठं अडचण झाली, एवढंच नाव न घालता आपण वहीत लिहू आणि ती यादी संबंधित बँकांना, कंपन्यांना, कार्यालयांना शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या वतीनं पाठवू. उत्तर येईल न येईल. पण अडचण लिहून गेली की निदान ती एकट्या माणसाची राहत नाही.

मागच्या बाकावरच्या मित्रा, पहिलं नाव तुझं लिहिते आहे, मदत घेणाऱ्यांच्या नव्हे, करणाऱ्यांच्या यादीत. राहिलेली दोन नावं जेवणाच्या पंगतीत मला येऊन सांगा. येताना फोन चार्ज करून आणि वाचायचा चष्मा घेऊन यायचं, एवढं गावात सगळ्यांना सांगा.